कामणहून पनवेलला, विश्वचषकाच्या वाटेने

वसई रोडहून दिव्याकडे वळणाऱ्या मार्गावर जूचंद्रनंतर कामण रोड लागतं. चर्चगेटच्या लोकलची घाई या रुळांवर नाही. दिवसाकाठी मोजक्या मेमू आणि मधल्या वेळात मालगाड्या, असा इथला कारभार. एका अंगाला तुंगारेश्वरचं जंगल आणि कामणदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ट्रकांची रांग, गोदामांचे पत्रे, त्यांच्या अधेमधे अजून टिकून असलेली भातखाचरं. वसई तालुक्याचं नाव घेतल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे किल्ला, केळीच्या वाड्या आणि समुद्र येतो. हा पूर्वेकडचा भाग सहसा कुणाच्या प्रवासवर्णनात येत नाही. मला मात्र या मार्गाचं कुतूहल आहे ते त्याच्या दुसऱ्या टोकामुळे. इथून सुटलेली गाडी खारबाव, भिवंडी, कोपर, दिवा करत पनवेलला पोचते, आणि त्या पनवेलमध्ये २००७ साली पुरुषांच्या राष्ट्रीय संघांचा कबड्डी विश्वचषक खेळला गेला होता. अंतिम सामन्यात भारताने इराणला २९-१९ असं हरवलं. त्याच वर्षी क्रिकेटचा विश्वचषक वेस्ट इंडिजमध्ये झाला, आपला संघ पहिल्याच फेरीत गारद झाला आणि ते दुःख आजही लोक आकडेवारीसकट सांगतात. पनवेलचं जगज्जेतेपद मात्र कुणाला आठवून सांगावं लागतं.

या विस्मरणाचं खापर पनवेलवर फोडायची पद्धत आहे. स्पर्धा मुंबईत, दिल्लीत, एखाद्या झगमगीत सभागृहात भरवली असती तर ती जगाला दिसली असती, असं म्हटलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. मूठभर देशांत खेळल्या जाणाऱ्या खेळाची जागतिक स्पर्धा अशाच आडमार्गावरच्या, पण त्या खेळाने पछाडलेल्या गावांत व्हायला हवी. २००७ मध्ये पनवेलची निवड चुकली नव्हती. चूक झाली असेल तर ती नंतर तो रस्ता सोडून देण्यात. हे पटवण्यासाठी मला कामणच्या उकाड्यापासून फार दूरचा, बर्फावरचा एक खेळ साक्षीला बोलवावा लागणार आहे.

तो खेळ म्हणजे बँडी. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या बर्फाच्या पटांगणावर, पायांत स्केट्स बांधून, अकरा विरुद्ध अकरा खेळाडू वाकड्या काठ्यांनी एक लहानसा चेंडू मारतात. पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव. आइस हॉकीतली उंच भिंत इथे नसते, कडेला जेमतेम वीतभर उंचीची पट्टी असते. कोपऱ्यातून चेंडू मारायची वेळ आली की या खेळाची खरी धार कळते. बचाव करणारे गोलरेषेवर उभे, हल्ला करणारे अर्धवर्तुळाकार दंडक्षेत्राच्या बाहेर. कोपऱ्यात काठी चेंडूला लागली रे लागली की रेषेवरचे खेळाडू सुसाट पुढे झेपावतात, आणि समोर कुणीतरी तो चेंडू थेट गोलात धाडायला काठी उगारून तयार असतो. गोलरक्षकाच्या हातात काठीही नसते. येईल तो चेंडू अंगावर घ्यायचा किंवा हातांनी अडवायचा. स्वीडन, रशिया, फिनलंड, नॉर्वे या देशांबाहेर हा खेळ फारसा रुजलेला नाही. १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला आणि पदकांच्या यादीत आजतागायत आला नाही. आपल्या कबड्डीची कुंडली हुबेहूब हीच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, टाळ्या मिळाल्या आणि दार बंदच राहिलं. म्हणून या दोघांची तुलना मला योग्य वाटते. त्यातही योगायोग असा की २००७ सालीच बँडीची पुरुषांची जागतिक स्पर्धा सैबेरियाच्या कोळसापट्ट्यातल्या केमेरोवो शहरात झाली आणि यजमान रशियाने ती जिंकली. एकाच वर्षी दोन छोट्या खेळांचे जगज्जेते दोन राजधान्यांपासून लांब ठरले.

इथे पहिला आक्षेप येतो. ज्या खेळात धड वीस देशही नाहीत त्याला जागतिक म्हणायचं कशाला? बँडीची पहिली जागतिक स्पर्धा १९५७ मध्ये हेलसिंकीला झाली तेव्हा संघ तीन होते: सोव्हिएत संघ, फिनलंड आणि स्वीडन. पुढे १९७९ पर्यंतच्या अकराच्या अकरा स्पर्धा सोव्हिएत संघाने जिंकल्या. त्या काळात कुणी या स्पर्धेला एका देशाची मिरवणूक म्हटलं असतं तर उत्तर देणं अवघड होतं. पण १९८१ मध्ये स्वीडनने ती साखळी तोडली आणि २००४ मध्ये फिनलंडने विजेतेपद नेलं. आज दोन्ही गट धरून वीसच्या आसपास संघ या स्पर्धेत दिसतात, तरीही आजवरचे विजेते हेच तीन. मग १९५७ पेक्षा आजची स्पर्धा जास्त जागतिक कशामुळे? माझ्या मते संघांच्या संख्येमुळे नव्हे, तर निकालात अनिश्चितता आली म्हणून. हाच निकष कबड्डीला लावून पाहा. २००४ मध्ये मुंबईत पहिला विश्वचषक झाला तेव्हा अंतिम फेरीत भारताने इराणवर ५५-२७ अशी मात केली, म्हणजे अठ्ठावीस गुणांनी. पनवेलला हे अंतर दहावर आलं. २०१६ मध्ये अहमदाबादला ते नऊ होतं, शिवाय त्या स्पर्धेच्या सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असा धक्का दिला. आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असं घरी पाठवलं. विश्वचषक आणि आशियाई स्पर्धा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण या चार निकालांतून जाणारी रेघ एकाच दिशेने जाते. देशांची यादी लांबवण्यापेक्षा ही रेघ मला अधिक महत्त्वाची वाटते.

कामण सोडल्यावर गाडी खारबावच्या दिशेने निघते आणि खिडकीतून जो मुलूख दिसतो तोच माझ्या युक्तिवादाचा दुसरा पुरावा आहे. आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी वस्त्यांचा हा पट्टा. भाताची कापणी उरकली, खाचरं रिकामी झाली की वसईपासून भिवंडी, कल्याण, पनवेल, अलिबागपर्यंत गावोगाव कबड्डीचे रात्रीचे सामने सुरू होतात. माती चाळून, पाणी मारून, चोपून मैदान केलं जातं, त्यावर चुन्याच्या रेषा ओढल्या जातात, बांबूंना दिवे टांगले जातात आणि ध्वनिक्षेपकावर एक माणूस न थकता प्रत्येक चढाईचा हिशेब सांगत राहतो. चढाईपटू रेषेवरची माती कपाळाला लावतो आणि आत शिरतो. निदान रेषा ओलांडून बोनसकडे पाय टाकावा तर डावा कोपरारक्षक घोट्यावर टपून बसलेला. तो पाय त्याच्या हाती लागला की साखळी तुटून पडते आणि धुळीचा लोट उठतो. कोण कुणाच्या खाली आहे ते पंच सांगेपर्यंत कळत नाही. या गर्दीतल्या आजीबाईंनाही लोण म्हणजे काय आणि अव्वल पकड कधी होते हे समजावून सांगावं लागत नाही. वसईत दरवर्षी डिसेंबरअखेरीस चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो, त्यालाही याच जाणकार लोकांचा आधार आहे. खेळ कळणारा प्रेक्षक ही वस्तू पैसे मोजून तयार होत नाही, तिला दोन-तीन पिढ्या लागतात. ती जिथे तयार आहे तिथे स्पर्धा नेणं हा साधा व्यवहार झाला.

बँडीवाल्यांनी हा व्यवहार ओळखला. त्यांच्या जागतिक स्पर्धांच्या यजमानांची यादी वाचली की स्टॉकहोम किंवा मॉस्कोपेक्षा आपण नकाशात शोधावीत अशी नावं जास्त भेटतात. २०१७ मध्ये स्वीडनमधलं सान्डव्हिकेन. हे गाव १८६२ पासूनच्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेलं, आणि ज्या छताखालच्या मैदानात सामने झाले त्यालाही कारखान्याच्या संस्थापक घराण्याचं, योरान्सन यांचं नाव. २०१३ आणि २०१९ मध्ये वेनर सरोवराकाठचं वेनर्सबोर्य. १९९५ मध्ये स्पर्धा अमेरिकेत गेली तेव्हा ती न्यूयॉर्कला नव्हे, तर मिनेसोटातल्या रोझव्हिल या उपनगरात झाली, कारण त्या देशात बँडी खेळणारे लोक आणि तेवढा मोठा बर्फ तिथेच होता. स्वीडिश प्रेक्षक जुन्या चामडी ब्रीफकेसमध्ये कॉफीचा थर्मास घालून उघड्या थंडीत सामना बघायला उभे राहतात आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा सामना तर तिथे सणाचाच भाग असतो. ही माणसं राजधानीत मिळत नाहीत असं नाही, पण राजधानीत ती गर्दीत विरून जातात. छोट्या गावात तीच गर्दी असतात.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो आणि तो फुसका नाही. वेनर्सबोर्यचंच उदाहरण घ्या. तिथे २००९ मध्ये बंदिस्त मैदान उभं राहिलं, त्याचा खर्च अंदाजपत्रक ओलांडून भलताच वाढला आणि नगरपालिकेच्या राजकारणात त्यावरून मोठं वादळ उठलं. लहान गावाने मोठ्या स्पर्धेच्या नादाने कर्ज काढावं आणि पाहुणे गेल्यावर ते फेडत बसावं, हा धोका खरा आहे. पण आकडे मांडले की दिसतं, हा धोका बँडीचा आहे, कबड्डीचा नाही. बँडीचं मैदान शंभर मीटर लांब आणि साठ मीटर रुंद धरलं तर सहा हजार चौरस मीटर बर्फ गोठवून ठेवावा लागतो. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान तेरा बाय दहा मीटरचं, म्हणजे एकशे तीस चौरस मीटरचं. एका बँडीच्या मैदानात कबड्डीची पंचेचाळीसहून जास्त मैदानं मावतील. बर्फाच्या यंत्रांचं वीजबिल नाही, छप्पर नसलं तरी कोरड्या महिन्यांत भागतं, मॅट गुंडाळून ट्रकमधून नेता येते आणि लोखंडी पाइपांच्या तात्पुरत्या गॅलऱ्या बांधणारे कारागीर याच पट्ट्यात राहतात. कबड्डीच्या विश्वचषकासाठी कायमचं स्टेडियम बांधायची अटच मुळात अनाठायी आहे. ती अट घातली की ठेकेदाराचं भलं होतं. खेळाचं होईलच असं नाही.

खाडीचा पूल ओलांडून गाडी कोपरला मुख्य मार्गाच्या डोक्यावरून जाते, खाली डोंबिवलीच्या लोकल धावत असतात, आणि मग दिवा येतं. दिव्याच्या पुढे गावांची जागा कारखाने घेतात: तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंडबाजार, रुळांशेजारी सळ्यांनी लादलेले ट्रेलर. सान्डव्हिकेनचं पोलाद, केमेरोवोचा कोळसा आणि कळंबोलीचं लोखंड हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. दिवसभर अंग मोडून काम करणाऱ्या माणसांच्या वस्तीत सांघिक खेळ लवकर मूळ धरतो, कारण त्याला लागणारी दोन माणसं, म्हणजे खेळणारा आणि टाळी वाजवणारा, एकाच पाळीतून सुटलेली असतात. मुंबईत गिरणगावाने कबड्डीला हेच दिलं. लालबाग-परळच्या मंडळांतून, बँका, रेल्वे आणि कंपन्यांच्या संघांतून खेळाडूला आधी नोकरी आणि मग नाव मिळालं. गिरण्या गेल्या, कामगार बदलापूर, विरार, पनवेलच्या बाजूला सरकले, आणि त्यांच्यासोबत खेळाचा प्रेक्षकही सरकला. २००४ ला मुंबई आणि २००७ ला पनवेल, या दोन यजमानांमधला प्रवास मला त्या स्थलांतराशी सुसंगत वाटतो, आयोजकांच्या मनात तसं काही असो वा नसो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. २०१४ पासून प्रो कबड्डी लीग आली, ती वरळीच्या वातानुकूलित सभागृहात, रंगीत दिव्यांखाली आणि मॅटवर खेळली गेली, आणि त्या चकचकाटामुळेच कबड्डीपटूंना पैसा मिळाला. २०१६ चा विश्वचषकही अहमदाबादच्या नव्या बंदिस्त मैदानात झाला. मग मातीच्या गावांकडे परत जाण्याचा आग्रह म्हणजे गरिबीचं कौतुक नव्हे का? लीगने खेळाडूचं आयुष्य बदललं यात वाद नाही, आणि मॅटवरून मातीत परत जा असंही माझं म्हणणं नाही. गुडघ्यांच्या आणि खांद्यांच्या दुखापतींशी ज्याची गाठ पडते त्याने पृष्ठभाग निवडावा, लेखकाने नव्हे. माझा मुद्दा वेगळा आहे. लीग हे विकायचं उत्पादन आहे, त्याला कॅमेऱ्याचा कोन आणि जाहिरातदाराची खुर्ची सोयीची असावी लागते. विश्वचषकाचं काम निराळं. केनियाहून, पोलंडहून, अर्जेंटिनाहून आलेल्या संघाला हा खेळ जिथे श्वासासारखा चालतो ती जागा दाखवणं आणि तिथल्या लोकांसमोर त्याला पारखणं, हे ते काम. गावची जत्रा शहरातल्या सभागृहात भरवली तर दुकानं लागतील, पाळणेही फिरतील, देव मात्र गावीच राहील. कॅमेरा तर पनवेललाही पोचतो. आता पनवेल तालुक्यात आंतरराष्ट्रीय विमानतळही उभा राहिला आहे, त्यामुळे पाहुण्या संघांच्या गैरसोयीची सबबही उरलेली नाही.

आणखी एक शंका राहते. घरच्या जाणकार गर्दीपुढे पाहुण्या संघाला न्याय मिळेल का, आणि त्या संघात तरी खरोखर त्या देशाचा खेळ असतो का? बँडीत सोमालियाचा संघ २०१४ मध्ये इर्कुट्स्कच्या जागतिक स्पर्धेत उतरला. सगळे खेळाडू स्वीडनच्या बोर्लेंगे गावात वाढलेले सोमाली तरुण, निर्वासितांची मुलं. पहिल्याच सामन्यात जर्मनीने त्यांना बावीस गोलांनी हरवलं. त्या संघामागे मोगादिशूमधलं एकही बर्फाचं मैदान नव्हतं, म्हणून तो खोटा ठरवायचा का? मला तसं वाटत नाही. तो संघ बोर्लेंगेचा होता, आणि बोर्लेंगेला बँडी ठाऊक आहे. २०२५ मध्ये कबड्डीचा एक विश्वचषक, वेगळ्या जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली, इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये झाला. त्याच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने इंग्लंडला ४४-४१ असं हरवलं. वॉल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम ही पंजाबी वस्तीची शहरं. म्हणजे तिथेही स्पर्धा खेळाच्या माणसांकडेच गेली, आणि तीन गुणांचा निकाल सांगतो की सामना नावापुरता नव्हता. जागतिकपणाला खरी बाधा संघाच्या मुळामुळे येत नाही, ती दार बंद केल्याने येते. २०१६ मध्ये अहमदाबादला पाकिस्तान नव्हता. २०२२ पासून बँडीच्या जागतिक स्पर्धांत रशिया नाही. दोन्हींची कारणं खेळाबाहेरची आहेत आणि त्यातलं युद्धाचं कारण हलकं नाही. पण त्यामुळे विजेतेपदाचं वजन कमी होतं हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ते वजन कुठल्याही शहरातलं मोठं सभागृह भरून काढू शकत नाही.

पनवेलच्या फलाटावर उतरल्यावर हा वाद फार व्यावहारिक होतो. १८५२ पासून नगरपालिका चालवणारं हे गाव आज महानगरपालिका आहे, आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांत कबड्डीचे चषक अजून लागतात. या मार्गावरच्या दुसऱ्या टोकाला, वसईच्या बाजूला, तेवढाच जाणता प्रेक्षक आहे. पुढचा एखादा विश्वचषक या एका रेल्वेमार्गावर विभागून खेळवता येईल: एक गट वसईला, एक भिवंडीला, बाद फेरी पनवेलला. कामणसारख्या गावाला त्यात सामना मिळाला नाही तरी बिघडत नाही, पाहुण्या संघांचा सराव इथल्या मंडळांबरोबर ठेवला तरी पुष्कळ. यजमान म्हणून कोण लायक, हे ठरवण्याची माझी कसोटी एकच. भारताच्या सामन्याला गर्दी कुठेही होईल. अहमदाबादला झाली, उद्या दुबईलाही होईल. केनिया विरुद्ध पोलंड असा सामना मंगळवारी रात्री लावून पाहावा. ज्या गावात त्या सामन्याला गॅलरी भरते आणि पोलंडच्या कोपरारक्षकाने घोटा पकडल्यावर लोक त्याच्या नावाने ओरडतात, ते गाव विश्वचषकाचं. त्या निकषावर कामण ते पनवेल हा पट्टा कुठल्याही महानगराला मागे टाकेल असं मला वाटतं, आणि माझं चुकत असेल तर ते सिद्ध करायलाही तो मंगळवारचा सामना इथेच लावावा लागेल.